जोडीदार गेल्यानंतर परदेशी राहायला जाताना: तिकिटाआधीची कामे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वडील गेल्याचा फोन येतो आणि अमेरिकेतला मुलगा, कॅनडातली मुलगी मिळेल त्या विमानाने घरी पोहोचतात. रजा दोन, फार तर अडीच आठवड्यांची. तेराव्याची मंडळी पांगली की घरात प्रश्न एकच उरतो: आईला इथे एकटीला ठेवायचे कसे? बहुतेक घरांत त्याचे उत्तर त्याच रात्री ठरते. आईला सोबत न्यायचे, फ्लॅट विकायला काढायचा, राहिलेले कागद ‘ऑनलाइन बघू’. हे सगळे मायेपोटीच होते. पण बँक, विमा आणि महसूल खात्यांतून निवृत्त होऊन ज्येष्ठांची कागदपत्रे लावून देणाऱ्या आम्हा मंडळींना कळकळीने सांगायचे आहे की पुढच्या अनेक वर्षांच्या अडचणी त्या एका रात्रीत सुरू होतात. पहिल्या वर्षात घर विकू नका. आईची कुठल्याही हक्कसोडपत्रावर सही घेऊ नका. आणि तिला आधी पाहुणी म्हणून न्या, कायमचे नंतर बघा. वडील मागे राहिले असतील तरी कागद तेच. आमच्याकडे आया अधिक येतात म्हणून ‘आई’ लिहितो आहोत.

सुरुवात फोनपासून करा. वडिलांचे सिमकार्ड बंद करू नका. आपल्याकडे बँकेची खाती, आईचे आधार, गॅस, वीजबिल, म्युच्युअल फंडाचे फोलिओ या सगळ्यांना एकच मोबाईल क्रमांक जोडलेला असतो आणि तो बहुधा वडिलांचा. तो घाईत बंद झाला की ओटीपी येणे थांबते, आणि क्रमांक बदलण्यासाठी जो ओटीपी लागतो तोही त्या बंद क्रमांकावरच जातो. म्हणून आधी आईच्या स्वतःच्या नावाने सिम घ्या, मग आधार केंद्रावर जाऊन तिच्या आधारला तो क्रमांक जोडा, मग बँका, प्राप्तिकराचे पोर्टल, गॅस आणि वीज. सगळीकडचे संदेश नव्या क्रमांकावर येऊ लागले की मगच जुने सिम बंद करा. आधारचे ओटीपी परदेशी क्रमांकावर येत नाहीत, त्यामुळे हे भारतीय सिम तिच्याबरोबर परदेशातही जिवंत राहायला हवे. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची तारीख मुलाच्या फोनमध्ये टाकून ठेवा. क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर रुग्णालयच कळवते. घरी झाला असेल तर डॉक्टरांचे कारणासह प्रमाणपत्र घेऊन घरच्यांना महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जावे लागते. दाखल्याच्या १० ते १२ मूळ प्रती काढा. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सोसायटी, तलाठी, परदेशी वकिलात अशी मागणी करणारी दारे मोजली तर हा आकडा जास्त वाटणार नाही. दाखला हातात पडताच, खिडकीपासून न हलता, नावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि पासपोर्टशी ताडून पाहा. चूक त्याच आठवड्यात सहज दुरुस्त होते, वर्षाने होत नाही.

नावांचा गोंधळ आईच्या कागदांत तर हमखास असतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे ‘कुसुम’, लग्नानंतर ‘सुनंदा’, रेशनकार्डावर ‘सुनंदाबाई’, पासपोर्टवर पहिल्या नावालाच नवऱ्याचे नाव चिकटलेले. इथल्या कारभारात हे चालून गेले. परदेशी वकिलातीला ही चार वेगळी माणसे वाटतात. राजपत्रात नावबदलाची जाहिरात किंवा ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, यातले जे लागेल ते इथे असतानाच करून ठेवा. त्या पिढीतल्या अनेकींचा जन्मदाखला नसतो आणि लग्नाची नोंदही नसते. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला मुलाचा जन्मदाखला, आईचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा आणि वडिलांचा मृत्युदाखला असे सगळे लागते. जन्माची नोंद सापडली नाही तर स्थानिक निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असे लेखी घ्यायचे आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे द्यायची. लग्नाचेही तसेच: पत्रिका, फोटो आणि लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे. आईचे लग्न डोळ्यांनी पाहिलेले मामा किंवा आत्या आज ऐंशीच्या घरात असतात. अर्ज दोन वर्षांनी करणार असाल तरी त्यांच्या सह्या आजच घ्या. वडीलधारी नात्यातली माणसे तेराव्याला एकत्र जमलेली असतात. यापेक्षा सोयीची वेळ पुन्हा येत नाही.

आता बँक. खाते दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या अटीवर असेल, किंवा नामनिर्देशन केलेले असेल, तर बँकेने न्यायालयाचा वारसा दाखला मागू नये आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काउंटरवर ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच मागे पडते. नामनिर्देशन नसलेली मोठी रक्कम मात्र न्यायालयातून वारसा दाखला घेतल्याशिवाय सहसा सुटत नाही. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे सक्सेशन सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे, ठेवी आणि शेअर यांच्यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट लागते. वकिलाकडे जाण्याआधी आपल्याला नेमके काय हवे ते ठरवून जा, नाहीतर एकाच कामाला दोन फेऱ्या पडतात.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काही केल्या जात नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की नॉमिनी ते फक्त स्वीकारतो, वारसाहक्क मात्र कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. सोसायटीतही तेच. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. फ्लॅटचे मालक वारसच. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वडिलांचा हिस्सा पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, यांच्यात समान वाटला जातो. गावाकडे नव्वदीतली आजी असते आणि वाटणीच्या कागदावर तिचे नाव कुणीच घालत नाही. पुढे फ्लॅट विकताना घेणाऱ्याचा वकील नेमका तिथे बोट ठेवतो, आणि तोवर आजीही गेलेली असली तर तिचे सगळे वारस, म्हणजे काका, आत्या आणि त्यांची मुले, सह्यांसाठी शोधत फिरावे लागते.

म्हणून हक्कसोडपत्र करायचेच असेल तर मुलांनी आईच्या नावे करावे. उलट दिशेने केलेले हक्कसोडपत्र, म्हणजे आईने मुलाच्या नावे हिस्सा सोडणे, आम्हाला पहिल्या वर्षात मुळीच मान्य नाही. त्या महिन्यांत ती समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर सही करते. परदेशात पटले नाही तर परत येण्यासाठी स्वतःच्या नावाचे छप्पर हाच तिचा आधार असतो. हे दस्त नोंदणीकृतच लागते. मुलगा तिकडे असेल तर त्याने भारतीय वकिलातीत, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) घेऊन, इथल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला फक्त याच कामापुरते मुखत्यारपत्र द्यावे. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. पाकीट कपाटात पडून राहिल्याने ही मुदत चुकलेली बरीच प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्या. फेरफार होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत ते काम झाले असे समजू नका. वारसाने आलेली शेतजमीन परदेशी राहूनही ठेवता येते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही.

आईचे स्वतःचे मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, निघण्याआधी व्हायला हवे. वडिलांच्या पाठोपाठ हा विषय काढणे जड जाते, हे खरे. पण पाच ओळींचे मृत्युपत्रही पुढच्या पिढीची काही वर्षे वाचवते. वडिलांच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाचे प्राप्तिकर विवरणपत्रही वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरायचे असते, ते विसरू नका.

निवृत्तिवेतनात चुकते ते हयातीच्या दाखल्यावर. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याचे कागद आई इथे असतानाच पूर्ण करा आणि पहिली रक्कम खात्यात पडलेली पाहा. वडील खासगी नोकरीत होते आणि भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत होते तर विधवेला त्यातूनही निवृत्तिवेतन मिळते. रक्कम छोटी, किमान महिना १,००० रुपये, म्हणून अनेक मुले अर्जच करत नाहीत. तो पैसा आईच्या हक्काचा आहे, अर्ज करा. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला. परदेशात असताना भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर तो देता येतो. ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याची चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय मोबाईलवर आहे, आईच्या आधारवरचा फोटो जुना असेल तर ती अडखळते. इथेच एकदा करून पाहा आणि अडखळली तर आधारचा फोटो नवा काढून घ्या.

एवढे झाले की प्रवासाचे बघू. पहिली खेप पाहुणी म्हणूनच. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहू देतात. नेमकी तारीख विमानतळावर होणाऱ्या आय-९४ नोंदीत असते. व्हिसाची मुदत १० वर्षांची दिसते म्हणून दहा वर्षे राहता येते असे नाही. अर्ज करताना वकिलातीला एकच खात्री हवी असते, की ही बाई परत जाणार. स्वतःच्या नावावरचे घर आणि दरमहा येणारे निवृत्तिवेतन हेच त्याचे उत्तम पुरावे. आधी फ्लॅट विकला आणि मग व्हिसाला गेले तर हा पुरावा आपणच हातचा घालवलेला असतो. आणि मनात तिथेच राहून ग्रीन कार्ड करायचा बेत असताना पाहुणी म्हणून व्हिसा घेणे हे गैरच. ते प्रकरण पुढे अंगाशी येते.

पाहुण्यांचा आरोग्य विमा घेताना दोन गोष्टी वाचा. काही पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. त्या स्वस्त असतात आणि अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या बिलापुढे नगण्य ठरतात. खर्चाच्या टक्केवारीने भरपाई देणारी सर्वंकष पॉलिसी घ्या. दुसरे म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार. यातले बहुतेक विमे अशा आजाराची फक्त अचानक उद्भवलेली तीव्र अवस्था भरून देतात, तीही ठरलेल्या तासांत, बहुधा २४ तासांच्या आत, उपचार घेतले तरच, आणि वय वाढते तशी मर्यादा कमी होते. ‘उद्या बघू’ म्हणून रात्र काढली तर दावा गेला. दातांचे आणि मोतीबिंदूचे काम या विम्यात नसते. दाढा, कवळी आणि दोन चष्मे इथूनच करून न्या.

औषधे ९० दिवसांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांच्या टाइप केलेल्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. इथले पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होते आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. साखरेचा आकडा अमेरिकेत आपल्यासारखाच सांगतात. कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मात्र मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागायचे: इथली १२६ म्हणजे तिथली ७. तिथल्या यंत्रावर ‘१२’ बघून आई ‘साखर एकदम कमी झाली’ म्हणून गूळ खाते, तेव्हा ती साखर प्रत्यक्षात २१६ असते. आपले यंत्र आणि पट्ट्या सोबत न्या.

सहा महिने राहून, परत येऊन, वर्षश्राद्ध इथे करून मग ती स्वतः ‘मला तिथे जमेल’ म्हणाली तर पुढचा मार्ग. अमेरिकेत आई-वडिलांसाठी अर्ज फक्त नागरिक झालेल्या, २१ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला करता येतो. ग्रीन कार्डधारकाला येत नाही. आधी नाते सिद्ध करणारा आय-१३० अर्ज, मग मुलाचे आय-८६४ हमीपत्र, ज्यात त्याचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते, मग पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी आणि मुंबईत मुलाखत. आई-वडिलांच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही, ही जमेची बाजू. कॅनडात ‘सुपर व्हिसा’ अधिक सोयीचा: एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येते, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. तिथल्या कायम वास्तव्याच्या अर्जासाठी निवडीतून बोलावणे यावे लागते, आणि क्यूबेक सोडून मुलावर २० वर्षांची आर्थिक जबाबदारी येते. ऑस्ट्रेलियात किती मुले तिथे आणि किती बाहेर यावर पालकांचा कायमचा व्हिसा अवलंबून असतो. ब्रिटनचे दार जुलै २०१२ पासून जवळजवळ बंद आहे: रोजची शारीरिक देखभाल लागते आणि पैसे मोजूनही ती भारतात मिळत नाही, हे सिद्ध करावे लागते. चालती-फिरती आई त्यात बसत नाही. ब्रिटनमधल्या मुलांनी आईला तशी खोटी आशा दाखवू नये.

ग्रीन कार्ड मिळाले की लगेच मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो, असे अनेक मुलांनाही वाटते. ते वय ६५ पूर्ण आणि सलग ५ वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्यावर, आणि तिथे नोकरीची नोंद नसल्याने हप्ते भरून. मधल्या काळासाठी हेल्थकेअर मार्केटप्लेस या सरकारी विमा-विक्रीच्या पोर्टलवरून विमा घ्यावा लागतो. आल्यापासून ६० दिवसांच्या आत घेतला नाही तर पुढच्या नोंदणी हंगामापर्यंत थांबावे लागते. पाहुण्यांचा विमा चालू आहे म्हणून हे ६० दिवस निघून जातात, ही फार महाग पडणारी चूक आहे.

पैशांची बाजूही याच टप्प्यावर बदलते. सहा महिने पाहुणी असताना खाती होती तशीच ठेवा. कायम राहायला निघाली की परकीय चलन कायद्याप्रमाणे ती अनिवासी होते आणि बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते. इतकी वर्षे १५-एच भरून व्याजावरची करकपात टाळली, तो अर्ज अनिवासी व्यक्तीला भरता येत नाही. एनआरओ ठेवींच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो, जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहते, पण मुदतवाढ मिळत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, हे करारातच लिहा. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यामुळे ‘आत्ताच सगळे मोडून घेऊन जाऊ’ ही घाई निराधार आहे.

अमेरिकेपुरता एक मोठा खड्डा म्हणजे भारतीय म्युच्युअल फंड. ग्रीन कार्ड मिळताच आई तिथल्या कायद्याने जगभरच्या उत्पन्नावर करपात्र होते, आणि भारतीय फंड तिथे ‘पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी’ ठरतात. त्यांच्यासाठी वेगळा ८६२१ क्रमांकाचा अर्ज, किचकट हिशेब आणि जबर कर. वडिलांचे फोलिओ ट्रान्समिशनने (मृत्यूनंतरच्या हस्तांतराने) आईच्या नावे झाले की ते ठेवायचे की मोडायचे, हा निर्णय ग्रीन कार्डावर पाऊल टाकण्याआधी घ्या. आधी मोडले तर नफ्यावर फक्त इथलाच कर लागतो. दुसरे, भारतातल्या सर्व खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती तिथल्या सरकारला एफबार अर्जाने द्यावी लागते. तो कर नाही, केवळ माहिती आहे; पण न दिल्याचा दंड जड आहे. आईच्या ठेवींवर ज्या मुलाचे दुसरे नाव आहे त्यालाही हा नियम लागू होतो, तो कितीही वर्षे तिथे राहत असला आणि त्यातला एक रुपयाही त्याचा नसला तरी.

कागद संपले. आता रोजचे जगणे. अमेरिकेच्या उपनगरात गाडी न चालवणारे माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात अडकते. म्हणून घर शोधताना, किंवा आई येणार म्हणून बदलताना, वाचनालय, सीनिअर सेंटर आणि बसचा थांबा चालत्या अंतरावर आहे का ते बघा. मोठ्या खोलीपेक्षा याचा उपयोग अधिक. वाचनालयाचे कार्ड मोफत असते आणि अनेक ठिकाणी इंग्रजीचे वर्गही. पहिल्या महिन्यात तिच्या नावाचे बँक खाते, डेबिट कार्ड आणि स्टेट आयडी करा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट पर्समध्ये घेऊन फिरू देऊ नका. इथले निवृत्तिवेतन इथेच साठते आणि तिथे तिला भाजीला मुलाकडे पैसे मागावे लागतात, हे बारीक वाटते, पण आईला सर्वांत जास्त टोचते तेच. दरमहा ठरलेली रक्कम न मागता तिच्या खात्यात जायला हवी.

डॉक्टरांकडे मुलाने दुभाषा होऊ नये. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना मोफत दुभाषा द्यावा लागतो. वेळ घेतानाच ‘मराठी’ म्हणून सांगायचे, फोनवरून मिळतो. झोप लागत नाही, रडू येते, छातीत कोंडल्यासारखे होते, हे आई मुलासमोर बोलत नाही. फोनवरच्या अनोळखी मराठी बाईशी बोलते. दुःखात असलेल्यांसाठी अनेक हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्यांची सेवा करणाऱ्या संस्थांत) मोफत गट चालतात आणि काही ठिकाणी बाहेरच्यांनाही घेतात, चौकशी करा. अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या ९११ ला फोन लावून नाव आणि पत्ता इंग्रजीत सांगण्याचा सराव, फोन न लावता, दहादा करून घ्या. पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा.

स्वयंपाकघर तिचे असू द्या. काचेच्या इंडक्शन शेगडीवर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, तळाला स्टील असलेला घ्या. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो आणि आई घाबरून पुन्हा शेगडी पेटवत नाही. पंखा आधी सुरू करायचा, अलार्म वाजला तर काय करायचे, हे सून किंवा जावई घरी असताना एकदा मुद्दाम वाजवून दाखवा. वडील आले असतील तर उलट: निघण्याआधी वरण-भात, पोहे आणि चहा त्यांना स्वतःच्या हाताने करता आलाच पाहिजे. न्यूयॉर्क आणि पुणे यांत उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. बहिणीशी बोलायला आई पहाटे तीनला उठू लागली तर वेळ ठरवून द्या, तिथली संध्याकाळ आणि इथली सकाळ दोघींना जमते.

परदेशातल्या मराठी मंडळांनाही एक विनंती आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आपली माणसे जोडत आले आहेत, मराठी शाळा चालतात. या आयांना शाळेत गोष्टी सांगायला, अक्षर गिरवून घ्यायला बोलवा. मागून घेतलेल्या कामाने माणूस उभे राहते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना वगळू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांना तसे आवाहन केले. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जे जमले ते न्यू जर्सीत आणि टोरंटोत जमायला हवे.

राहता राहिले इथले घर. ग्रीन कार्डवर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले की विमानतळावर प्रश्न विचारतात, वर्षापेक्षा जास्त राहिले तर कार्डच धोक्यात येते. इथे जास्त राहायचे असेल तर आधी, अमेरिकेत असतानाच, पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. तेव्हा वर्षातून एक खेप दिवाळी-नोव्हेंबरात ठेवा: हयातीचा दाखला, दिवाळी, डॉक्टर आणि बँक एकाच फेरीत होतात. त्याच फेरीत लॉकर उघडा, कारण सात वर्षे न उघडलेला आणि ज्याच्या धारकाचा पत्ता लागत नाही असा लॉकर भाडे भरलेले असले तरी बँक फोडू शकते. वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स तिच्या खात्यातून आपोआप जाऊ द्या, पाण्याचा मुख्य नळ आणि गॅस बंद करा, एक किल्ली शेजारच्या विश्वासू घरात ठेवा. दुसरी मुलाच्या ड्रॉवरमध्ये नको, आईच्या पर्समध्ये राहू द्या.

कळावे,

आपले नम्र,
ज्येष्ठांना कागदपत्रांत मदत करणारे काही निवृत्त कर्मचारी, पुणे